जिभेखाली

रात्री अडीचला तात्यांनी छातीवर मूठ ठेवली.
डबीतली पांढरी गोळी मी त्यांच्या जिभेखाली सरकवली.
चावू नका. गिळू नका. बसून राहा.
सिन्नर फाट्याच्या आमच्या खिडकीत
एकलहऱ्याच्या चिमणीचा लाल दिवा लुकलुकत होता.

छत्तीस वर्षं तिथल्या बॉयलरवर. नाव निवृत्ती,
त्यामुळे निरोप समारंभात प्रत्येकाने
तोच एक विनोद केला.

गोळीतून सुटतो तो नायट्रिक ऑक्साइड.
अकरावीच्या वर्गाला सांगते मी दरवर्षी:
एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, आयुष्य काही सेकंद.
तुमच्या चिमणीतूनही तोच निघायचा, तात्या,
तुम्ही त्याला नुसताच धूर म्हणायचात
आणि आई दोरीवरचे कपडे ओढून घ्यायची.

एरवी रक्तवाहिनीचं अस्तर तो घरीच बनवतं.
शेंगदाण्याच्या चटणीतून आलेलं आर्जिनिन घेतं,
विरळणीला घडातून मणी काढावा
तसा त्यातला एक नायट्रोजन खुडतं,
श्वासातल्या ऑक्सिजनला जोडतं.
मागे उरतं सिट्रुलिन, कलिंगडावरून नाव पडलेलं.
तुमचं अस्तर थकलंय. म्हणून ही डबी.

त्याला दार लागत नाही, गेटपास लागत नाही.
भिंतीतून आरपार जातो,
स्नायूला म्हणतो, सैल हो.

"मग?"
बोलू नका म्हटलं ना.

मग तो मायटोकॉन्ड्रियात शिरतो,
पोरं घोकतात त्या पेशीच्या पॉवरहाउसात.
अगदी शेवटच्या टेबलाशी, ऑक्सिजन जिथे खर्ची पडतो,
तिथे ऑक्सिजनच्याच खुर्चीत बसतो.
थोडाच वेळ. उठतोही.
तेवढ्यात इथली भट्टी मंदावते
आणि न जळलेला ऑक्सिजन सरकतो पुढे,
टोकाच्या पेशींकडे, ज्यांना कधीच पुरत नाही.

तात्यांच्या कपाळावरची आठी सुटली.
"म्हणजे लोडशेडिंग.
सबस्टेशनवर आमचा पगारे करायचा.
नाशिकरोडला तासभर अंधार,
तेव्हा कुठे सुरगाण्याकडे एखादा पंखा फिरायचा.
शिव्या मात्र पगारेला."

जरा थांबून,
"आणि खुर्चीतून उठलाच नाही तर?"

तर विष होतं, तात्या.
सुपरऑक्साइड गाठतं त्याला,
दोघं मिळून यंत्रच गंजवतात.

त्यांनी मान हलवली. बॉयलरवाल्याला
हे वेगळं सांगावं लागत नाही.

पावणेतीन. मूठ मांडीवर आली होती, उघडी.
"डोकं ठणकायला लागलं गं."
ठणकू दे, म्हटलं. म्हणजे पोचला.
त्यांनी शाळकरी पोरासारखी जीभ उचलून दाखवली.
खाली काही नव्हतं.