जोड

द्वारकेच्या पुलाखाली, रात्री दीड.
दुपारी जेसीबीने पाइपसाठी खणलं
आणि चोवीस तारा तोडल्या.
तारा कसल्या, काचेचे केस.

खड्ड्यात मी. वर छत्री धरून जयवंता,
पाऊस नाही, धूळ पडू नये म्हणून.
निळी, केशरी, हिरवी, तपकिरी...
क्रम चुकला तर सातपूरचं बोलणं
ओझरला जाऊन पडेल.

तसं कुणाचं फार अडलं नव्हतं.
इकडची वाट तुटली की निरोप सिन्नरवरून वळतो,
संगमनेर, पुणे, आणि पोचतो.
तोही अख्खा नाही जात. तुकडे होतात त्याचे,
प्रत्येकावर पत्ता, प्रत्येकाला नंबर,
मागचा आधी, पुढचा नंतर,
पलीकडे सगळे पुन्हा ओवले जातात.

जयवंता विचारतो,
पंचवटीतून सिडकोत ‘जेवलीस का’ कसं जातं?
म्हटलं, आधी कसारा उतरून मुंबईला,
मग घाट चढून परत.
तो हसला.
‘मधे नुसती गोदावरी आहे, दादा.’

दहावी, जांभळी.
पडद्यावर दोन टोकं खांबांएवढी, समोरासमोर.
ठिणगी.
नुकसान: शून्य पूर्णांक शून्य दोन.
एवढं तर शेजारी बसून बोलतानाही सांडतं.

चोवीस झाल्या तेव्हा चार वाजलेले.
पेटी बंद, झाकण, वर माती.
जयवंता छत्री मिटून चहाची गाडी शोधायला गेला.

मी हात पुसून फोन काढला.
रेंज पूर्ण.
परवापासून शैलजाचं काही नाही.
माझंही नाही.