सगळेच्या सगळे साठ

हेमराजची गाडी आली ट्रकवरून,
ताडपत्रीखाली, दोरांनी चारीकडून बांधलेली,
बाजारातून नवी म्हैस आणतात तशी.
सावद्याच्या स्टेशन रोडवर उतरवली
तर केळीचे घड मोजणारे आकडा विसरले.
पिवळी. इतकी पिवळी
की पिकवणीच्या खोलीतून आत्ताच काढलेली.
दारं पंखांसारखी वर उघडली,
एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं,
अंडी देती का भो?

वरण-बट्टीची पंगत उठली तसा
तो म्हणाला, प्रणिता, एक चक्कर मार.
सहाशे अश्वशक्तीची किल्ली
माझ्या तुपकट तळहातावर.

मारली.
सावदा ते रावेर. गतिरोधक अकरा,
प्रत्येकाला तिरकी घालून, श्वास धरून,
पोटाखाली खरवडतंय का ऐकत.
पुढे केळीची ट्रॉली, मागे केळीची ट्रॉली.
दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही.
पाठीमागे इंजिन कण्हत होतं,
पट्टीच्या गवयाला बोलावून
नुसतं हॅलो, माइक टेस्टिंग म्हणायला लावावं तसं.
रस्ताभर लोक आम्हाला बघत होते
आणि मला रस्ता दिसत नव्हता.

मस्त आहे रे, म्हणून किल्ली परत दिली.
मस्त होतीच. खोटं कशाला बोलू.

माझी लाल गाडी.
हजार सीसी, वर टर्बो,
धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरने सहा वर्षं वापरलेली.
ठिबकच्या कंपनीतल्या पगारातून घेतली,
पाच दिवाळ्या साडीच्या दुकानासमोरून
तोंड फिरवून गेले.
आई म्हणाली, एवढ्यात फैजपूरला प्लॉट आला असता.
आला असता.
डाव्या दारावर बैलाच्या शिंगाचा पोचा,
मे महिन्यात एसी हात टेकतो.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरायच्या आत
हेमराजला उठवलं. चल.
खिरोदा सोडलं की सातपुडा
एकदम काचेवर येतो.
पालच्या घाटात सागाची वाळकी पानं,
एकही ट्रॉली नाही, एकही बघणारा नाही.
पहिलं वळण. ब्रेक, दुसरा गिअर,
नाक आत,
टर्बो एक आवंढा गिळतो
आणि मग ढकलतो, ढकलतो,
सुई लाल रेषेला टेकेपर्यंत.
तेव्हा वेग किती?
साठ.
पण सगळेच्या सगळे साठ,
ताटात काही न टाकलेले.
स्टिअरिंगमधून डांबर हाताला कळतं,
इथे खडी सुटली, इथे परवाचाच थर,
इथे जरा जास्त झालं, बाई, आवर,
आणि मी आवरते, आणि ती ऐकते.

हेमराज वरच्या दांडीला धरून गप्प.
पाचव्या वळणावर हसला,
आजोळी मामाच्या लुनावर
पाटाच्या कडेने जाताना हसायचा तसा,
मध्ये पंचवीस वर्षं पडलीच नाहीत जणू.

पालच्या अलीकडे थांबलो.
तो बोनेटवर हात ठेवून उभा.
तापलं होतं, तरी काढला नाही.
त्या गाडीला ना, म्हणाला,
मी पूर्ण कधी दाबलंच नाही.
एकदा, विमानतळाच्या रस्त्यावर. चार सेकंद.
मग सिग्नल.

मी काही बोलले नाही.
खाली केळीच्या बागा, त्यांच्यावर धुकं,
कुठेतरी मोटर सुरू झाल्याचा आवाज.

उतरताना मी चालवू?
घे.
क्लचवरून त्याचा पाय सुटला,
गाडीने आचका दिला, बंद पडली.
दोनदा.
सहाशे घोडे पाळणारा माणूस
कानापर्यंत लाल.
घाई नको रे भो, मी म्हटलं,
आणि तिसरा टाकताना
जरा उजवीकडे रेटून टाक.
सवय आहे तिची.