भुवई

रौफभाई पेंटरनी भिंतीवरून नजर फिरवली,
म्हणाले, अठ्ठावीस हजार, साहित्य तुमचं.
चहा पिऊन गेले.
कप विसळता विसळता शैला म्हणाली,
आपणच मारू.

आपण म्हणजे मी, ती
आणि बारावीतला ओजस,
जो पहिल्या दिवशी दुपारपर्यंत होता.

पवननगरच्या दुकानात शेडकार्ड उघडलं
तर एका पांढऱ्याच्याच बावीस जाती.
दुकानदार वाचत गेला, मोतिया, शंखशुभ्र, पहाटधुकं.
शैला म्हणाली, तो दह्यासारखा द्या.
कालच्या दह्यासारखा. आजचा नको, डोळ्यांवर येतो.
त्यानं न बोलता एक डबा काढला
आणि तो बरोबर तोच होता.

घासपेपर लावला
तशी भिंत मागे मागे जाऊ लागली.
पिस्त्याखाली गुलाबी, बहिणीच्या लग्नातला.
गुलाबीखाली निळा, तो कुणालाच आठवेना.
निळ्याखाली
सिडकोनं किल्लीबरोबर दिलेला चुना.
एक पोपडा अखंड निघाला,
मी तो मायक्रोमीटरमध्ये धरला.
पॉइंट चार दोन मिलिमीटर.
एकतीस वर्षं.
शैला म्हणाली, ते कंपनीचं आहे ना?
सोमवारी परत नेऊन ठेव.

अंबडला मी क्वालिटीत आहे.
केसाच्या दहाव्या हिश्शासाठी
लोकांचा माल परत पाठवलाय.
टेबलावर स्टूल, स्टुलावर मी,
छत आणि भिंत भेटतात तिथे ब्रश टेकवला
आणि रेघ निघाली पुरातल्या गंगेसारखी,
घाट सोडून थेट सराफ बाजारात.
शैला खालून बघत होती.
म्हणाली, उतर.

पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे.
रोज आठ-दहा बायका
कपाळ तिच्या हातात देऊन डोळे मिटतात.
पडद्याआडून मी ते वर्षानुवर्षं ऐकलंय,
दोऱ्याची किरकिर, कुणाचं तरी आई गं.
बघितलं कधी नव्हतं.

तिनं ओढणी कमरेला खोचली,
ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटला,
श्वास धरला.
मनगट हललंच नाही, कोपरातून हात गेला
दारापासून खिडकीपर्यंत
एका दमात.
टेप नाही, दोरी नाही.
सोपं आहे की, ती वरून म्हणाली,
भिंत हलत नाही.
बायका शिंकतात.

मग तीन दिवस मी फक्त
डबा धरायला, रोलर फिरवायला
आणि मान वर करायला.
सगळं सामान बोळात.
पार्लरच्या फिरत्या खुर्चीत पगारे मावशी येऊन बसल्या
त्या दोन्ही संध्याकाळी उठल्याच नाहीत,
येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या रंगाबद्दल सांगत होत्या.
पुट्टीत पाणी जास्त कुणी घातलं
यावरून आम्ही रात्रीपर्यंत बोललो नाही.
खिचडीत थोडा प्रायमरचा वास.
तिच्या माहेरचं लोखंडी कपाट
चौघांनी ढकलून दोन इंच सरकलं.
हात जाईल तिथवर मारलं.
त्याच्यामागे पिस्ता आहे तसाच आहे.
आम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

रौफभाई सहज म्हणून डोकावले.
तिरप्या उन्हात माझ्या रोलरचे पट्टे
नांगरटीसारखे दिसत होते.
ते पट्ट्यांबद्दल काही बोलले नाहीत, भला माणूस.
वर बघत राहिले.
कटिंग कुणी मारलं?
मी बोट दाखवलं.
ताई, गंगापूर रोडला एक बंगला घेतलाय,
सगळा कोपऱ्याकोपऱ्यांचा. येता?
शैला म्हणाली, अपॉइंटमेंट घ्या.

रात्री दिवा चालू ठेवून आडवा पडलो.
सवय जात नाही.
माझ्या भागात ओघळ सहा,
ब्रशचे केस चिकटलेले तीन,
बटणाभोवती एक बोटाचा ठसा, बहुतेक ओजस.
मग तिच्या रेघेवर चढलो,
दारापासून हळूहळू पुढे सरकत.
खिडकीच्या अलीकडे, एका जागी,
केसभर.
सांगावं म्हणून वळलो
तर ती झोपली होती, उजवा हात उशीवर,
नखांत कालचं दही.