फोन ठेव

रात्री साडेदहाला ग्रंथालयाच्या दारात
थुई आणि मी नारिंगी जाकिटं घालून उभे असतो.
कुणी म्हटलंच, तर त्याला घरापर्यंत सोबत करायची,
एवढंच काम.
पहिल्या आठवड्यात कुणी म्हटलंच नाही.

सास्काटूनमध्ये उणे एकतीस.
आधी नाकातले केस कडक होतात, मग विचार.
थुई म्हणते, थंडीपेक्षा लाज लवकर गोठवते.
व्हिएतनामी म्हण का, विचारलं
तर म्हणाली, छे, आत्ताच केली.

आज एफुआ आली. कुमासीची, पहिलं वर्ष.
दोन बोटांच्या बेचक्यात किल्ली धरलेली, टोक बाहेर.
"तसं मला एकटीला जाता येतं."
येतंच की, आम्ही म्हटलं, आम्हालाही येतं.
आणि निघालो,
बर्फावर सहा बुटांची करकर.

पुलाच्या अलीकडे तिनं विचारलं,
तुम्ही हे का करता?
थुईकडे तिचं उत्तर होतं.
माझं मी दिलं नाही. ते हे असं आहे:

मागच्या नोव्हेंबरात एक फोन आला.
टॅक्स ऑफिसातून बोलतोय, म्हणाला,
आणि माझं नाव आडनावासकट नीट उच्चारलं.
वर्गात कुणालाच जमलं नव्हतं ते.
म्हणूनही असेल, मी ऐकत राहिलो.
तुझ्या नावानं वॉरंट आहे. व्हिसा जाईल.
संध्याकाळच्या आत दोन हजार डॉलर, गिफ्ट कार्डांत.
फोन ठेवायचा नाही.
कुणाला सांगायचं नाही.

हे शेवटचं त्यानं सांगायची गरज नव्हती.
ते व्रत मी विमानतळापासूनच धरलं होतं.
खोलीचं डिपॉझिट बुडालं, सांगितलं नव्हतं;
फोटोतली ती खोली जगात कुठेच नव्हती, तेही नाही.
आताच्या तळघरात हीटर चालत नाही, नाही.
अख्खा रविवार माणसाचा आवाज न ऐकता गेला, नाही.
आईला एवढंच: जेवलो, झोपलो, मजेत.

दुकानात चार नंबरच्या काउंटरवर व्हर्ना होती.
पिकले केस, मनगटाला दुखण्याचा पट्टा.
माझ्या हातात दहा कार्डं, कानाला फोन.
तिनं एकही स्कॅन केलं नाही.
वाऱ्यावर उडू बघणाऱ्या कागदांवर ठेवावा
तसा पंजा ठेवला त्यांच्यावर.
"फोनवर कोण आहे, पोरा?"
मागे रांग. एकाच्या हातात अंडी, त्यानं घसा खाकरला.
तिनं 'काउंटर बंद'ची पाटी उभी केली.
"फोन ठेव.
ओरडेल तो. ओरडू दे."

ठेवला.
मग हात थरथरायला लागले, आधी नाही.
तिनं बाकावर बसवलं, चहा आणून दिला,
न विचारता साखरेच्या तीन पुड्या टाकून.
पावतीच्या मागे एक नंबर लिहिला,
तिची नात शिकते विद्यापीठात, तिला विचारून.

नंबर डोरोथी किशचुकचा होता.
तक्रारीचा फॉर्म भरता भरता ती म्हणाली,
या सत्रातला तू सातवा.
शाळेत पहिला यायचो मी,
पण सातवा आल्याचा असा आनंद
कधी झाला नव्हता.

एफुआ वर गेली. खिडकीत दिवा लागला,
दोनदा विझून पुन्हा लागला, म्हणजे पोचले.
परतताना पूल लांबच वाटला.
थुई तिच्या वळणावरून गेली.

खोलीत येऊन बूट काढतो तोवर आईचा फोन.
तिकडे सकाळचे साडेदहा, मागे मिक्सर.
जेवलास? जेवलो.
थंडी? आहे थोडी.
मग नेहमीसारखं तिचं ते, उत्तर गृहीत धरलेलं,
"बरं, ठेवू का मग?"

थांब, म्हटलं.
ठेवू नकोस.
मिक्सर बंद झाला.

हीटरपासून सुरुवात केली.