नकारांची वही

धरमकाट्यावर अठरा वर्षं बसलो.
ट्रक चढला की काचेतला आकडा थरथरायचा,
मग थांबायचा.
थांबला तोच लिहायचो.

त्या हंगामात मॅनेजर म्हणाला,
गाडीमागं तीस किलो कमी टाकत जा, ओलाव्याचे.
म्हटलं, साहेब, ओलाव्याचं मीटर वेगळं असते,
काट्याला काय माहीत कापूस ओला की कोरडा.
शनिवारी कागद हाती पडला: वर्तणूक असमाधानकारक.
ना नोटीस, ना चौकशी.
छत्री आतच राहिली,
अजून असेल तिथंच, कॅलेंडरखालच्या खिळ्यावर.

आता यवतमाळच्या कोर्टात समोरचा वकील विचारतो,
"उकंडराव, दोन वर्षांत दुसरं काम शोधलं?"
शोधलं ना जी.
"पुरावा?"

आमच्याकडे काम तोंडानं मागतात.
नकारही तोंडानंच मिळतो,
कधी तोही नाही,
माणूस दुसरीकडे पाहून नुसता खर्रा थुंकतो.
याची पावती कोण फाडते?

ढुमणे वकील म्हणाले, मागचं गेलं, आतापासून सह्या घ्या.
म्हणजे काढलं त्यानं,
आणि वणवण केल्याचा दाखला द्यायचा मी.
बरं.

शंभर पानी वही घेतली.
दालमिलवाला वही पाहून चरकला,
"काम नाई म्हनलं ना बाप्पा, वरून लिहून कायले देऊ?
उद्या मलेच कोर्टात उभा करशीन."
बाजार समितीतल्या अडत्यानं चहा पाजला, सही नाही.
पेट्रोल पंपावरच्या पोरानं विचारलं,
काका, हा कोनत्या योजनेचा फॉर्म हाय?

बेबीताई आत्राम पत्रावळीचं मशीन चालवते, करंजी रोडला.
तिनं वही मांडीवर घेतली, पेन झटकलं,
सावकाश लिहिलं:
हे आले होते. काम नव्हतं. पाणी पिऊन गेले.
खाली सही, तारीख, आणि न मागता मोबाईल नंबर.
घरी येईस्तोवर दोनदा थांबून वाचलं.

रज्जाकशेठच्या वीटभट्टीवर मात्र काम निघालं.
विटा मोजायच्या, रोज तीनशे.
अकरा दिवस मोजल्या.
नंतर भट्टी पेटली, मोजायला उरलं नाही काही.
ते पान पाहून ढुमणे वकील गप्प झाले.
"हे फाडा. नाहीतर तेवढे पैसे कापून मागतील."
म्हणजे काम नाही मिळालं तर शोधलंच नाही,
आणि मिळालं तर नुकसान कुठं झालं?
मी हसलो. ते नाही हसले.

फाडणार होतो. खोटं कशाला सांगू,
पानाला बोट लावलं होतं.
पण तीस किलो न खोडल्यापायी घरी बसलेला माणूस मी,
तीन हजार तीनशे कसे खोडू?

वही तशीच दिली. बाबूनं पानं मोजली, शिक्का मारला,
झेरॉक्स ठेवून घेतली आणि म्हणाला,
पुढची तारीख एकोणीस.

अठ्ठावीस पानं भरली आहेत.
वच्छला म्हणते, बाकीची कोरीच हायत,
दुधाचा हिशेब लिहू का यात?

लिही म्हटलं.
मागच्या बाजूनं.