जिवंत टक्केवारी

एक जुलैला सकाळी साक्रीहून नर्सरीचा टेम्पो निघतो.
मागे चारशे पिशव्या, त्यांच्यात दाटीवाटीने मी,
मांडीवर झेंडूच्या हारांची पाटी.
हार पाहुण्यांसाठी आहेत.

शाळेच्या आवारात खड्डे तयार असतात,
काही तर गेल्या वर्षीचेच.
फाटकाजवळचा एक मी चांगला ओळखते:
कडुनिंब, करंज, शिसव, पुन्हा कडुनिंब,
चार जण राहून गेले त्यात,
भाडेकरूंसारखे,
फोटो काढून.

पोरं धावत येतात, गुलमोहोर मागतात.
सरपंचबाईंना बदाम हवा, सावली लवकर पडते.
बेडसे सर म्हणतात, काहीही द्या, पण फुलणारं द्या.
शेवटी तळाशी अंजन उरतात,
बकरीच्या खुरासारखं मधून चिरलेलं पान.
"हे किती वर्षांत वाढतं, बाई?"
मी खरं सांगितलं,
म्हणून कोणी घेतलं नाही.

लोटन बापूंनी घेतलं.
छत्तीस वर्षं याच शाळेची घंटा वाजवलेला माणूस.
ओळीत जागा नव्हती,
खिचडीच्या शेडमागे लावलं त्यांनी,
भोवती बाभळीच्या काट्या.
तोवर माईक बंद झाला होता.

माझं काम त्यानंतरचं.
ऑक्टोबरात एकदा, मार्चात एकदा
रजिस्टर घेऊन जायचं:
अनुक्रमांक, प्रजाती, उंची, जिवंत, मृत.
मार्चात अंजनाची काडी उरली होती नुसती.
नखाने टोक मोडलं. कट्.
आत तपकिरी.
लिहिलं.

बापू उपड्या बादलीवर बसून बघत होते.
"काय लिखं?"
"मेलं, बापू."
"मरेल नही शे, पोरी. खाले जाई ऱ्हायना."

म्हाताऱ्यांची समजूत अशीच असते, म्हटलं.
जुलैत दोन पानं आली.
ब्लेडने 'मृत' खरवडलं.
पुढच्या मार्चात परत काडी, परत 'मृत',
परत जुलै, परत ब्लेड.
त्या जागी कागद इतका झिजला
की मागच्या पानावरची सुबाभूळ दिसायला लागली.

चौथ्या उन्हाळ्यात नळयोजनेची चारी आली.
निजामपूरचा गोकुळ जेसीबी चालवत होता.
शेडमागे येऊन त्याने मशीन थांबवलं,
मला हात केला.
मी वाकून पाहिलं.
चारीच्या भिंतीत एक मूळ,
करंगळीएवढं, ओळंब्यासारखं सरळ,
मुरूम चिरत खाली गेलेलं,
आणि चारीचा तळ आला तरी
त्याचं टोक नाही.
वर जमिनीवर
वीतभर काडी, दोन पानं.

गोकुळ काही बोलला नाही.
बकेट दीड हात बाजूला घेतली त्याने.
गावाच्या नळाला आज तिथे एक छोटं वळण आहे;
इंजिनियर विचारतात, हे कशाला?

मी टेप सोडला. दिसतं तेवढं मोजलं.
सहा फूट चार इंच.
मग रजिस्टर उघडलं:
उंची, वीस सेंटिमीटर.
खोलीचा रकाना
छापखान्याने ठेवलेलाच नाही.

बापू आता सुरतला असतात, उधन्याला,
मुलाकडे, चौथ्या मजल्यावर.
बाल्कनीत कुंडी आहे म्हणे, तुळशीची, तीही प्लास्टिकच्या.
यंदा एक जुलैला त्यांचा फोन आला.
इकडे भाषण चालू होतं, नीट ऐकू येत नव्हतं.
गाव कसं आहे, पाणी आलं का, काही नाही.
"काट्या शेतीन ना?"
मी मान वळवून शेडमागे बघितलं.
काट्या कोणीतरी चुलीला नेल्या होत्या.
"शेतीस, बापू," म्हटलं,

हारांची पाटी बेडसे सरांच्या हातात दिली,
टेम्पोतला कोयता घेतला
आणि पाहुणे खड्ड्यात हात घालत असताना
नाल्याकडे, बाभळीकडे निघाले.