नखाच्या पाठीनं

लग्न उद्या संध्याकाळी, दिंडोरी रोडच्या लॉन्सवर.
आप्पांनी माळ्यावरचा खोका उतरवायला लावला.
तपकिरी बूट, शालिमारहून घेतलेले,
मी बारावीला होते तेव्हा.
नऊ वर्षांत तीनदा पायात,
बाकी दर दिवाळीला पुसून पुन्हा कागदात.

घातले, दाराकडे चार पावलं टाकली,
आणि मागे फरशीभर
खारीचा चुरा पडत गेला.

"चिकटव," म्हणाले.
मी सोल दाबला. बोट आत गेलं.
चिकटवायला दोन बाजू लागतात, आप्पा,
इथे एकच उरलीय.
त्यांना पटेना.
सातपूरला एकतीस वर्षं लेथवर,
केसभर फरकासाठी भांडलेला माणूस.
जे वापरलंच नाही ते झिजेल कसं?

भद्रकालीत अन्सारभाईंनी चुरा तळहातावर घेतला,
हुंगला.
"पीयू सोल. चालत राहिले असते तर टिकले असते.
हवेतली ओल खाते याला, बसल्या जागी."
नवा सोल आठवड्यानं.
मी सोल्यूशनची लहान डबी घेतली, आत मधाच्या रंगाचं,
आणि घरी येऊन काढले रोजचे काळे,
पुढून आ वासलेले.

त्या जबड्यात आप्पांचं जुनं फेविक्विक होतं,
काचेसारखं तडकलेलं.
पाऊल वाकतं तिथे काच कशी टिकणार?
ब्लेडनं खरवडलं, कण न् कण.
मग पॉलिश पेपर. मग माझं नेलपॉलिश रिमूव्हर,
घराला ब्यूटी पार्लरचा वास.
आप्पा स्टूल ओढून बसले, चष्मा कपाळावर.
"अजून खरबरीत कर. गुळगुळीत गुळगुळीताला धरत नाही."
(यातून संसाराचा अर्थ काढू नये.
ते रबराबद्दल बोलत होते.)

दोन्ही बाजूंना पातळ थर. जाड लावलास तर रबडी होईल.
आणि मग काहीच करायचं नाही.
हेच जमत नाही कुणाला.
बूट पेपरवर उघडे, पेपरात निफाडचा पारा साडेसहा,
म्हणजे दहा मिनिटांची वीस होणार, पंचवीसही.
खिडकी सताड उघडी, आम्ही दोघं शाली पांघरून.

तेव्हा ते बोलले.
भामरे शेजारच्या मशीनवर होता.
एकदा अख्खा लॉट रिजेक्ट झाला, चूक माझी होती.
त्यानं साहेबाला सांगितलं, माझी.
त्याची वेतनवाढ गेली, दोन वर्षांची.
एवढंच.
आईला ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.

नखाची पाठ टेकवून पाहिली.
चिकटलं नाही, नुसतं किंचित ओढलं.
"आता," म्हणाले.

एकच संधी असते. टेकलं की सरकवता येत नाही.
बोटांकडून टाचेकडे, हवा बाहेर ढकलत.
वरवंट्यानं ठोकलं,
आत पेपराचे बोळे कोंबले,
सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळली
आणि गव्हाच्या डब्याखाली रात्रभर.

दुसऱ्या दिवशी चोवीस तास भरायला पाऊण तास कमी होता.
आप्पांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
निघालो.

लॉनवर सगळे नवरीकडे बघत होते, मी उजव्या बुटाकडे.
स्टेजला तीन पायऱ्या.
पाऊल वाकलं, बूट वाकला, जोड मिटलेला.
आप्पांनी भामरेकाकांचा हात धरला तो सोडेचनात,
मागे फोटोवाला खोळंबला.
भामरेकाकांच्या पायात स्लिपर होत्या.
"घाईत घरच्याच राहिल्या बघ," ते हसले.

परतलो तर डबीचं झाकण उघडंच.
उरलेलं घट्ट रबर झालेलं,
त्यात माझा ब्रश उभा.